दिवा लागला म्हणजे निकाल लागला नव्हे

या सदरात आम्ही बहुधा मुलांचा अभ्यास, परीक्षा आणि घरातल्या लहानमोठ्या अडचणी यांविषयी लिहितो. या महिन्याचा विषय मात्र गाडीचा पंखा आहे. हसू नका. घरातला कर्ता पुरुष आखातात आणि गाडीची किल्ली घरच्या बाईच्या पर्समध्ये, अशी घरे आपल्या कोकणात गावोगाव आहेत. आमचे घर त्यांतलेच एक. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला की आपण मान हलवतो, कारण बोनेटखाली काय चालते ते आपल्याला ठाऊक नसते. आम्हीही तशीच मान हलवणार होतो. ती का हलवली नाही, ते सांगतो.

आमच्या सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याला साखरेमुळे सूज आहे. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते आणि ते ठरल्या तारखेला घ्यावे लागते. म्हणून आम्ही त्यांना घेऊन दर महिन्याला रत्नागिरीहून कोल्हापूरला जातो. हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. सहाआसनी बाक असलेली मोठी डिझेल गाडी आहे, जुनी घेतलेली. मुलींच्या अब्बांनी दोहाहून पैसे पाठवले, ते पुरेनात तेव्हा आमच्या बांगड्या गहाण ठेवल्या. त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी नुसती गाडी नाही.

उन्हाळ्यात एका फेरीला पालीच्या पुढे, जिथे रस्त्याचे काम चालू होते, तिथे डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पाठोपाठ बोनेटखालून ट्रकसारखा घोंघाट सुरू झाला आणि गाडी जड ओढू लागली. टेंपरेचरचा काटा मधोमधच होता. पण समोर घाट, मागच्या सीटवर सत्तरीच्या सासूबाई आणि शेजारी आमची धाकटी. आम्ही घाबरलो आणि गाडी परत फिरवली. त्या महिन्याचे इंजेक्शन आठ दिवसांनी लांबले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री भाकरी करताना तवा चाचपून शोधत होत्या, ते आम्ही पाहिले.

पहिल्या गॅरेजमध्ये कूलंट बदलले आणि थर्मोस्टॅटही बदलला. बिल ३,४०० रुपये. चार दिवसांनी त्याच रस्त्यावर पुन्हा दिवा. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला : पी०५२६. तिथल्या मिस्त्रींनी मीटर लावून वायरचा 'पीं' असा आवाज ऐकवला आणि म्हणाले, "वायरिंग ओके. पंख्याचा स्पीड सेन्सर गेलाय. तो सुटा मिळत नाही, क्लचच्या आतच असतो. अख्खा फॅन क्लच बदलावा लागेल. २८,००० रुपये."

दोहाला फोन केला. तिकडून दमलेल्या आवाजात उत्तर आले, "करून टाक. नाहीतर गाडी विकून टाक." आम्ही शनिवारी पैसे काढायचे ठरवले. पण शुक्रवारी शाळेतून येताना नाक्यावरच्या छोट्या गॅरेजसमोर आमचा एक जुना विद्यार्थी उभा दिसला. दहावीत दोनदा नापास झालेला. सलाम करून म्हणाला, "टीचर, गाडीचा आवाज बरोबर येत नाही." आम्ही सगळे सांगितले. तो म्हणाला, "उद्या सकाळी इंजिन थंड असताना आणा. बदलायचं काय ते नंतर बघू. आधी तपासू."

शनिवारी सकाळी तिथे जे पाहिले ते आम्ही वहीत टिपून घेतले. तेच इथे क्रमाने देत आहोत.

त्याने बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. दिवा कधी लागतो? थंड गाडीत की गरम गाडीत? चढावर की सपाटीवर? पावसात की उन्हात? आमच्या लक्षात आले की गुळगुळीत रस्त्यावर दिवा कधीच लागला नव्हता. प्रत्येक वेळी खड्डे होते. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "सेन्सर मेला असता तर तो रस्ता बघून मेला नसता."

मग त्याने आम्हाला हा पंखा कसा चालतो ते समजावले. लहान गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटारीवर फिरतो. आमच्यासारख्या काही मोठ्या गाड्यांत तो इंजिनाच्याच जोरावर फिरतो, पण थेट नाही. मध्ये एक क्लच असतो आणि त्यात सिलिकॉनचे घट्ट तेल असते. तेल जास्त सोडले की पंखा इंजिनाशी घट्ट जोडला जाऊन जोरात फिरतो, कमी सोडले की सैल फिरतो. जुन्या गाड्यांत हे काम रेडिएटरच्या उष्णतेने वाकणारी एक धातूची पट्टी करते. आमच्या गाडीत ते संगणक करतो. तो क्लचला हुकूम देतो आणि पंखा खरोखर किती वेगाने फिरतोय हे सेन्सरकडून ऐकतो. हुकूम आणि उत्तर जुळले नाही किंवा उत्तरच आले नाही, की दिवा लागतो. शिवाय इंजिन तापू नये म्हणून आमच्या गाडीचा संगणक पंखा पूर्ण जोडून ठेवतो. ट्रकसारखा घोंघाट तो हाच. पूर्ण जोरातला पंखा इंजिनाची ताकद खातो, म्हणून गाडी जड ओढते.

म्हणजे त्या दिवशी घाटाखाली इंजिन तापलेलेच नव्हते. गाडी उलट जास्तच काळजी घेत होती.

सेन्सरचे काम साधे आहे. पंख्याबरोबर फिरणारा चुंबकी भाग समोरून गेला की तो संगणकाकडे एक टिचकी पाठवतो. जितक्या टिचक्या, तितका वेग. याला हॉल सेन्सर म्हणतात. १८७९ साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन संशोधक विद्यार्थ्याने शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. त्याला तीन वायरी असतात : एक वीज आणणारी, एक अर्थची आणि एक टिचक्या नेणारी.

आता त्या कोडकडे येऊ. पी०५२६ चा अर्थ आहे 'पंख्याच्या स्पीड सेन्सरचे सर्किट'. आमच्या विद्यार्थ्याने शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. "टीचर, सर्किट म्हणजे फक्त सेन्सर नाही. सेन्सर, त्याची वीज, त्याचा अर्थ, मधला जोड, पुढची वायर आणि संगणकाची पिन, ही सगळी वाट. कोड एवढंच म्हणतो की या वाटेवर कुठेतरी निरोप अडकलाय. कुठे, ते तो सांगत नाही. ते आपण शोधायचं."

पुढचे काम त्याने असे केले.

आधी डोळ्यांनी आणि हातांनी. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. कूलंटची पातळी पाहिली, बेल्ट पाहिला. पंखा हाताने हलवून तो डुगडुगतो का ते पाहिले. क्लचवर तेल गळून धूळ चिकटल्याचे काळे ओघळ आहेत का ते पाहिले. तसे काही नव्हते.

मग स्कॅनर. कोड पुसण्याआधी त्याने तो कागदावर उतरवला. कोड लागला त्या क्षणाची नोंदही संगणक ठेवतो, तीही उतरवली : इंजिनाचे तापमान ९२ अंश, गाडीचा वेग ताशी ३४ किलोमीटर. तापमान ठीक, वेग खड्ड्यांतला. घाईने कोड पुसला की बहुतेक गाड्यांत ही साक्षही जाते.

त्यानंतर त्याने इंजिन चालू करून स्कॅनरवर पंख्याचा चालू वेग दाखवला. मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास. त्याने बाजूला उभे राहून गाडीला दोन-तीनदा धक्का दिला. आकडा एकदम शून्य झाला, मग पुन्हा सहाशे. पंखा तर डोळ्यांसमोर फिरत होता. धाकटी ओरडली, "मम्मी, पंखा फिरतोय आणि मशीन म्हणतेय बंद आहे!" तो हसला. "बस. पंखा खोटा नाही. निरोप वाटेत पडतोय."

आता वाटेवर कुठे, ते शोधायचे होते. त्याने इंजिन बंद केले आणि किल्ली फक्त 'ऑन'वर ठेवली. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मीटरच्या बारीक सुया लावल्या. वीज आणणाऱ्या वायरीवर ४.९८ व्होल्ट. या सेन्सरला पाच व्होल्ट लागतात, म्हणजे ठीक. मग टिचक्यांच्या वायरीला सुई लावून पंखा हाताने सावकाश फिरवला. मीटरवर आकडा पाच, शून्य, पाच, शून्य असा बदलत राहिला. सेन्सर जिवंत होता! ज्याच्यासाठी २८,००० रुपये जाणार होते तो बिचारा आपले काम चोख करत होता.

शेवटी त्याने सुई पुन्हा विजेच्या वायरीवर लावली, मीटर धाकटीच्या हाती दिला आणि म्हणाला, "आकडा मोठ्याने वाचत राहा." स्वतः वायरींचा जुडगा इंचाइंचाने वाकवत पुढे सरकला. "पाच... पाच... पाच... शून्य!" त्याचा हात तिथेच थांबला. पंख्याभोवती जे प्लास्टिकचे कडे असते, त्यावरून जुडगा जातो तिथे तो धरून ठेवणारी क्लिप तुटलेली होती. खड्डा आला की जुडगा उसळायचा आणि त्याच जागी वाकायचा. टेप सोलली तर वायरचे वरचे प्लास्टिक शाबूत होते, पण आतले तांबे तुटलेले. टोके एकमेकांना टेकली की वीज चालू, धक्का बसला की बंद.

"मग त्या मिस्त्रींच्या मीटरचा आवाज?" आम्ही विचारले.

"तो खराच होता, टीचर. गाडी उभी होती, टोकं टेकलेली होती. उभ्या गाडीत वायर पास होते. आणि तांब्याचा एकच तंतू उरला असला तरी तो आवाज येतोच. चूक मीटरची नाही. जिथे बिघाड होतो तशी परिस्थिती करून बघितली नाही, एवढंच."

त्याने खराब तुकडा कापला, नवा तुकडा सोल्डर केला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, जुडग्याला खाचांची प्लास्टिक नळी घातली आणि नवी क्लिप बसवली. मग कोड पुसला आणि म्हणाला, "अजून दुरुस्त झालं म्हणू नका. दिवा विझवला की विझतोच. चला, तोच रस्ता." आम्ही तिघे पालीच्या पुढच्या त्याच खड्ड्यांतून दोनदा जाऊन आलो. स्कॅनर लावलेलाच होता. आकडा एकदाही शून्य झाला नाही. बिल ४५० रुपये. आम्ही जास्त द्यायला गेलो तर त्याने हात मागे घेतला.

हे वाचून कोणी असे समजू नये की सेन्सर कधी बिघडतच नाही. बिघडतो. वीज कनेक्टरपर्यंत पोहोचते आहे, अर्थ चांगला आहे, संगणकापर्यंतची वायर हलवूनही शाबूत आहे आणि तरी पंखा फिरवल्यावर टिचक्या येत नाहीत, असे दिसले तर सेन्सर खरोखर गेला. मग क्लचचा खर्च करावाच लागतो. त्याचे दुःख नाही. दुःख न तपासता केलेल्या खर्चाचे असते, कारण पैसे जातात आणि दिवा परत येतो.

लहान गाडी असणाऱ्या बहिणींसाठी दोन गोष्टी. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो. त्यात हात, ओढणी, मुलांची बोटे कधीही नेऊ नका. तो पंखा चालत नसेल तर मिस्त्री आधी फ्यूज, मग रिले, मग मोटार आणि तापमानाचा सेन्सर असा क्रम पाहतो का, ते बघा. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की हा पंखा फिरू लागतो. एसीवर फिरला, पण इंजिन तापल्यावर फिरला नाही, तर मोटार चांगली आहे आणि संशय तापमानाच्या सेन्सरकडे जातो.

आणि काटा खरोखरच लाल खुणेकडे गेला तर? एसी बंद करा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. आत दाबाखाली उकळते पाणी असते, ते तोंडावर येते. घाई असली तरी तशीच गाडी दामटू नका. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकले की २८,००० रुपयेही कमी वाटू लागतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर विचारायचे चार प्रश्न आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवले आहेत. तुम्हीही ठेवा. कोड कोणता आला, तो लिहून द्याल का? हाच भाग खराब आहे हे कसे तपासले? माझ्यासमोर दाखवाल का? बदललेला जुना भाग मला परत मिळेल का? हे अदबीने विचारता येते. चांगला मिस्त्री रागावत नाही. आमच्या अनुभवात तो उलट खूश होतो.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हा लेख संपवणे आम्हाला बरे वाटत नाही.

वायर सोलताना त्या मुलाने सहज म्हटले होते, "टीचर, वर्गात माझं असंच होतं. उत्तर यायचं, पण प्रश्नच कळायचा नाही." सातवीपर्यंत तो उर्दू शाळेत शिकला. आठवीत आमच्याकडे मराठी माध्यमात आला. आम्ही उर्दूही शिकवतो आणि मराठीही. उर्दूच्या तासाला तो बोलायचा, हे आम्ही पाहत होतो. मराठीच्या तासाला गप्प बसायचा, तेही पाहत होतो. तरी त्याच्या अब्बांना समोर बसवून आम्ही म्हटले होते, "याचं लक्ष नाही. याच्याकडून व्हायचं नाही." प्रगतिपुस्तकावरही तसेच लिहिले. कोड वाचला आणि सेन्सर गेला असे ठरवून टाकले. प्रश्न एकदा उर्दूत विचारून पाहायला पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे आम्ही दिली नाहीत.

हे आम्ही त्याला तिथेच सांगितले. तो खाली मान घालून टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या टीचर. गाडी तर चालू झाली ना." त्याचे बोलणे मोठ्या मनाचे होते. पण गाडी चालू झाली म्हणून त्याची ती दोन वर्षे परत येत नाहीत.

पुढच्या मंगळवारी आम्ही सासूबाईंना घेऊन आंबा घाट चढलो. पंखा आपल्या मर्जीने कधी हळू, कधी जोरात फिरत होता आणि दिवा विझलेला होता. इंजेक्शन वेळेवर झाले. परत येताना सासूबाईंनी नाक्यावर गाडी थांबवायला लावली आणि गॅरेजमध्ये जाऊन त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि बुधवारी शाळेत आठवीच्या वर्गात, मराठीच्या तासाला, सतत गप्प बसणाऱ्या एका मुलीला आम्ही तोच प्रश्न उर्दूत विचारला. तिने उत्तर दिले. पूर्ण आणि बरोबर. तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा अजून लिहिलेला नाही. आधी तपासतो आहोत.